शिक्षक प्रशिक्षण आणि वर्गातलं अध्यापन : मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि एम.एड. करणाऱ्यांच्या फोनवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या नोंदी आणि उपलब्ध संशोधन यांच्या आधारे ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. ‘व्यावसायिक विकास’ म्हणजे प्रशिक्षणच ना? नुसतं नाव मोठं केलंय का?

प्रशिक्षण हा त्याचा एक तुकडा झाला. शिक्षक वर्गात जे करतो त्यात बदल व्हावा आणि त्यातून लेकरांचं शिकणं सुधारावं, यासाठी जे जे घडतं ते सगळं व्यावसायिक विकासात येतं. शेजारच्या वर्गात बसून पाहिलेला तास त्यात आला. मधल्या सुट्टीत दोघी बाई तिसरीच्या वजाबाकीच्या वह्या पुढ्यात घेऊन ‘हातचा नेमका कुठं चुकतोय’ यावर बोलतात, तेही आलं. त्याला हजेरीपट नसतो, प्रमाणपत्र नसतं, म्हणून आपण ते मोजत नाही. माझ्या मते आपली पहिली चूक हीच आहे.

२. वर्षाला ५० तासांचं काय आहे? ते कुठून आलं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून. प्रत्येक शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. कार्यशाळा आणि ऑनलाइन घटक दोन्ही त्यात धरले आहेत. त्या वाक्यातला एक भाग बैठकांमध्ये कुणी वाचून दाखवत नाही. हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडी-गरजेतून ठरावेत, असंही धोरण सांगतं. म्हणजे तुम्हाला पाचवीचे अपूर्णांक जड जात असतील, तर ‘मला यावर मदत हवी’ असं म्हणण्याला धोरणाचाच आधार आहे.

१२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचं प्रशिक्षण वेतनाशी जोडलेलं असतं. त्याचा हेतू वेगळा, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.

३. इतकी प्रशिक्षणं झाली. त्यानं लेकरांचं शिकणं खरंच सुधारतं का?

कधी सुधारतं, पुष्कळदा नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

अमेरिकेत २००७ साली एका अभ्यासगटाने या विषयावरचे १,३०० हून अधिक अभ्यास चाळले. कार्यकारणाबद्दल खात्रीने बोलता येईल असे त्यातून फक्त ९ निघाले. त्या नऊंमध्ये मुलांच्या गुणांवर चांगला परिणाम दिसला. पण १४ तासांपेक्षा जास्त चाललेल्या कार्यक्रमांतच तो ठळक होता, एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमांत नव्हता. हे वाचून ‘तास वाढवा म्हणजे झालं’ असं वाटेल, पण तसंही नाही. ग्रामीण चीनमध्ये गणिताच्या शिक्षकांसाठीच्या मोठ्या राष्ट्रीय प्रशिक्षणाची चाचणी घेतली गेली. प्रशिक्षण कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं होतं. २०१९ मध्ये त्या चाचणीचे निष्कर्ष आले. शिक्षकांच्या वर्गातल्या वागण्यात फरक पडला नाही आणि मुलांच्या गुणांतही नाही. प्रशिक्षण फार सैद्धान्तिक होतं, ते व्याख्यानातूनच दिलं गेलं, हे कारण संशोधकांनी मांडलं.

आपल्या सभागृहातल्या तीन दिवसांशी हे ताडून पाहा. सकाळी दीपप्रज्वलन, मग पीपीटी, दुपारी जेवण, मग गटकार्याचा तक्ता भिंतीला चिकटवायचा, संध्याकाळी सह्या. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, मनापासून बोलत असतो, समोरचे मनापासून ऐकत असतात आणि सोमवारी वर्गात सगळं पहिल्यासारखं चालू होतं. यात शिक्षकाचा आळस नाही. सभागृहात ऐकलेली गोष्ट चाळीस लेकरांसमोर पहिल्यांदा करताना हात थरथरतो आणि त्या वेळी शेजारी कुणीच नसतं. प्रश्न ५ पाहा.

४. प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला येतं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर पातळ का होतं?

प्रत्येक पायरीवर आशय कमी होतो आणि सूचना वाढतात. राज्यस्तरावर जे करून दाखवलं ते जिल्ह्यात सांगितलं जातं, तालुक्यात वाचून दाखवलं जातं आणि केंद्रावर त्याची पीडीएफ येते. पुस्तिका पोचते, हाताची सवय पोचत नाही. यावरचा एक उपाय हरियाणात करून पाहिला गेला, तो पुढच्या उत्तरात आहे.

५. मग लागू पडतं तरी काय?

वर्गात परत परत येणारा माणूस. संशोधनात याइतका भक्कम धागा दुसरा क्वचितच सापडतो.

दक्षिण आफ्रिकेत सेत्स्वाना भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन गट केले. पाठयोजना आणि वाचनसाहित्य दोघांना सारखंच दिलं. एका गटाला एका जागी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक नियमितपणे जात राहिला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाच्या मुलांच्या वाचनातली वाढ पहिल्याच्या जवळपास दुप्पट निघाली. २०१८ साली अशा ६० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. शिकवण्याच्या पद्धतीवर ०.४९ आणि मुलांच्या गुणांवर ०.१८ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचं माप) इतका परिणाम दिसला. शिक्षणातल्या उपाययोजनांमध्ये हा आकडा चांगला समजला जातो. त्याच विश्लेषणात असंही दिसलं, की कार्यक्रम मोठा झाला, शंभराच्या वर शिक्षक आले, की परिणाम उतरतो. योजना राज्यभर नेताना नेमकं हेच विसरलं जातं.

आता आपल्याकडचं. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेबरोबर झालेल्या प्रयोगांत बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना मुलांच्या पातळीनुसार शिकवण्याचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. नेहमीच्या शालेय वर्षात फरक पडला नाही, कारण शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तक संपवण्याच्या मागे लागले. सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरात तीच पद्धत वापरली तेव्हा मुलं पुढे गेली. हरियाणात २०१२-१३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रोजचा एक तास याच कामासाठी राखून ठेवला, आणि आपल्या केंद्रप्रमुखांच्या जागी असणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस मुलांना शिकवलं. मग ते शिक्षकांना शिकवायला गेले. तिथे हिंदी वाचन सुधारलं. स्वतः खडू धरलेला माणूस वर्गात आला की शिक्षक त्याला वेगळ्या नजरेने पाहतो.

६. मी केंद्रप्रमुख आहे. माहिती भरण्यातच दिवस जातो. वर्गात बसलो तरी नेमकं करू काय?

एकच गोष्ट पाहा. एकाच. आणि तिची नोंद मताच्या रूपात करू नका.

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत मी चौथीच्या वर्गात मागे बसले होते. परिसर अभ्यासाचा तास होता. बाईंनी विचारलं, ‘‘उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली का जातं?’’ प्रश्न संपतो न संपतो तोच पहिल्या ओळीतला एक मुलगा ओरडला, ‘‘पाऊस नसतो म्हणून!’’ बाई ‘‘शाब्बास’’ म्हणून पुढे सरकल्या. मी हजेरीच्या नावांची यादी घेऊन बसले होते आणि उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे एक रेघ ओढत होते. तास संपला तेव्हा चार नावांपुढे रेघांची गर्दी होती, बाकी पान कोरं. मी वही बाईंपुढे ठेवली, बोलले काहीच नाही. त्यांनी बोट ठेवत एकेक नाव वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘ही पोरं हुशार आहेत म्हणून मला वाटत होतं वर्गाला कळतंय.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतकंच ठरवलं, की प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन मोजायचं आणि ओरडून दिलेलं उत्तर घ्यायचं नाही. सुरुवातीचे दोन प्रश्न अवघडच गेले. वर्ग गप्प झाला की शिक्षकाला आपण चुकलो असं वाटतं. मग खिडकीशी बसणाऱ्या एका मुलीने हात अर्धा वर केला. ‘‘बाई, शेजारच्यांनी बोअर घेतला न, तवापासून आमची हीर आटली.’’ पाठ्यपुस्तकात नसलेलं उत्तर होतं आणि चौघांच्या उत्तरांपेक्षा कितीतरी खोल. पुढची वीस मिनिटं वर्ग त्याच एका उत्तरावर बोलत होता.

तर शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ लिहून निघू नका. रेघांचं पान शिक्षकाला द्या, पुढच्या भेटीला पुन्हा तेच मोजा. दहा शाळांत धावण्यापेक्षा दोन शाळांत महिनाभर जा. माहिती भरण्याचं ओझं कमी व्हायला हवंच, पण ते होईपर्यंत थांबू नका.

७. तीन सेकंद थांबल्याने काय होतं? आधीच पोर्शन मागे आहे.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ म्हणणं घटतं. तासाभरात वीस प्रश्न विचारले तरी यासाठी एक मिनिटही जास्तीचं लागत नाही. पोर्शन एवढ्याने मागे पडत नाही. पाठांतराच्या प्रश्नांना मात्र ही युक्ती नको. ‘सात आठे किती’ला तीन सेकंद कशाला?

८. मी डी.एड. आहे, बी.ए. झालेय. चौथीचं गणित मला येतंच. मग विषयज्ञानाचं प्रशिक्षण कशासाठी?

गणित येणं एक, आणि लेकरू कुठे अडखळणार हे आधी ओळखता येणं दुसरं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या ज्ञानाकडे जगाचं लक्ष वेधलं.

मराठीतलंच उदाहरण घ्या. तुम्ही ‘त्रेपन्न’ म्हणता, मूल ३५ लिहितं. तुम्ही म्हणता लक्ष नाही. त्याचं लक्ष पूर्ण आहे. त्याने आधी ‘त्रे’ ऐकलं, तीन लिहिलं, मग पन्नासचे पाच लिहिले. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. ‘एकोणपन्नास’ला ५९ लिहिणाऱ्या मुलाने शब्दात पन्नास ऐकलं आणि ‘एकोण’ म्हणजे शेवटी नऊ येतो हेही त्याला ठाऊक आहे. एका चुकीत दोन बरोबर गोष्टी आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर वाद पेटला. त्या वादात भाषेच्या अभिमानावर पुष्कळ बोललं गेलं, दुसरीतल्या लेकराच्या या अडचणीवर फार थोडं. आपली संख्यानामं टिकवायचीच आहेत, पण मग दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन हा उलटा क्रम उलगडून दाखवणं शिक्षकाला यायला हवं. केंद्राच्या परिषदेत एक तास फक्त अशा चुकांच्या वह्यांवर द्या.

९. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. प्रशिक्षणात सगळे नमुनापाठ एकाच इयत्तेचे. आम्ही काय करायचं?

ही तक्रार रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या शाळेत एकाकडे किमान दोन इयत्ता असणं हा अपवाद नव्हे, नियम आहे. तरी बहुवर्ग अध्यापन प्रशिक्षणात शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं जातं.

दोन गोष्टी करता येतात. भाषा-गणितासाठी रोज एक तास इयत्ता मोडून पातळीनुसार गट करा, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रश्न ५ मधलं हरियाणाचं काम याच धर्तीचं होतं. बाकीच्या वेळात एका इयत्तेला शिकवताना दुसऱ्या इयत्तेच्या हाती काम द्या, पण ते नुसतं ‘धडा उतरवा’ नको, स्वतःला तपासता येईल असं हवं. सुलभकाला पहिल्याच दिवशी उभं राहून सांगा, ‘‘सर, हाच पाठ तिसरी-चौथी एकत्र असताना घेऊन दाखवा.’’ नम्रपणे सांगा, पण सांगाच.

१०. आमच्या तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. प्रशिक्षणातलं त्यांना लागू पडतं का?

भाषाशिक्षणाची बहुतेक प्रशिक्षणं मूल मराठी बोलतच शाळेत येतं असं गृहीत धरतात. चित्रात आई दाखवली, लेकरू ‘याडी’ म्हणालं आणि बाईंनी ‘चूक’ म्हटलं, तर त्या दिवशी ते एवढंच शिकतं की शाळेत गप्प बसावं. आधी ‘याडी’ फळ्यावर लिहा, देवनागरीतच, शेजारी ‘आई’ लिहा. ‘बाटी’ आणि ‘भाकरी’ एकत्र ठेवा. गावातल्या चौथी-पाचवीच्या मुलांकडून शब्दांची वही करून घ्या.

वाचनाबद्दल एक जोड. वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये पुढे आला. यादगीर म्हणजे आपल्यासारखाच जुन्या हैदराबाद संस्थानातला भाग. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी पाठ होईपर्यंत अर्थपूर्ण वाचन लांबवलं, की बरीच मुलं वाटेतच अडकतात, असं त्यात दिसलं. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाचं तर यात जास्तच नुकसान.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना मराठीतलं साहित्य अनुवाद करून घ्यावं लागतं, आणि उर्दूच्या लिपीची गोडी-अडचण मराठी सुलभकाला ठाऊक नसते. तालुक्यातल्या उर्दू शाळांची स्वतंत्र शिक्षण परिषद मागून घ्या.

११. दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. प्रशिक्षणात शिकवलेली पद्धत अर्ध्यावर तुटते.

बीडच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांचा हा सर्वांत कळवळून आलेला प्रश्न आहे. हंगामी वसतिगृहात थांबलेल्यांचं शिकणं चालू राहतं. कोयत्यावर गेलेली लेकरं मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा पुस्तक सहा महिने पुढे गेलेलं असतं. परतलेल्या मुलाला पुस्तकाच्या चालू पानावर बसवू नका. पहिल्या आठवड्यात त्याची वाचन-गणिताची पातळी बघा आणि प्रश्न ९ मधल्या गटात घ्या. जाण्याआधी त्याच्या पातळीची नोंद एका कार्डावर करून ते आईबापाच्या हाती द्या. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत तो बसला तर तिथल्या गुरुजींना त्याचा उपयोग होतो.

प्रशिक्षणाचं वेळापत्रकही याच्याशी जोडलेलं आहे. वापसा बघून पेरणी करणाऱ्यांच्या मुलखात पातळीनुसार शिकवण्याचं प्रशिक्षण मे महिन्यात का व्हावं? ते फेब्रुवारीत हवं, परतणाऱ्यांच्या तोंडावर.

१२. दीक्षावरचे कोर्स करून काही फायदा आहे का, की नुसतं प्रमाणपत्र?

दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं, निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये आधी प्रत्यक्ष आणि नंतर ऑनलाइन आलं. आशय बऱ्याच ठिकाणी चांगला आहे, विशेषतः पायाभूत साक्षरतेचा. एकट्याने मोबाइलवर व्हिडिओ पुढे ढकलत पाहिला तर हाती प्रमाणपत्रच लागतं. दक्षिण आफ्रिकेत नंतर टॅबलेट आणि फोनवरून मार्गदर्शन करूनही पाहिलं. वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाची बरोबरी त्याला साधली नाही. शाळेतल्या दोघा-तिघांनी एक घटक एकत्र पाहा, त्यातली एक कृती त्याच आठवड्यात करा, मग बोला.

१३. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘हे सगळं येतं आणि जातं’. त्यांचं मन कसं वळवायचं?

बोलून वळवायला जाऊ नका. अमेरिकी शिक्षणसंशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये मांडलं, की शिक्षकाचा विश्वास आधी बदलत नाही. आपल्याच वर्गात मुलं पुढे गेलेली दिसली की तो बदलतो. त्यांनी खरोखरच अनेक योजना येताना-जाताना पाहिल्या आहेत, तो अनुभव खोटा नाही. एकच छोटी कृती दोन आठवड्यांसाठी मागा आणि आधी-नंतरच्या वह्या त्यांच्याच हातात द्या.

१४. कृतिसंशोधन करायचंय. विषय कसा निवडू?

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर आपणच शोधलेला आणि तपासलेला उपाय. म्हणून ‘विद्यार्थ्यांच्या वाचन कौशल्याचा अभ्यास’ हा विषय नको, तो कुठल्याही शाळेत चालेल. ‘माझ्या तिसरीतली सात मुलं जोडाक्षर आलं की वाचन थांबवतात, त्यावर काय उपयोगी पडतं?’ हा विषय आहे. रोजच्या नोंदीची वही ठेवा, न जमलेले दिवसही लिहा. मुलांची नावं अहवालात घालू नका. नवोपक्रम स्पर्धेसाठी पाठवायचं असेल तरी आधी वर्गासाठी करा.

१५. प्रशिक्षणाआधी आणि नंतर चाचणी घेतली, गुण वाढले, टी-मूल्यही सार्थ आलं. प्रशिक्षण यशस्वी म्हणून प्रबंधात लिहू का?

नाही. टी-मूल्य सार्थ आलं म्हणजे ही वाढ निव्वळ योगायोगाची नसावी, एवढंच कळतं; ती कशामुळे झाली हे कळत नाही. सहा महिन्यांत लेकरं तशीही वाढतात, प्रशिक्षण असो वा नसो. अगदी कमी गुणांच्या मुलांना निवडलं असेल तर दुसऱ्या चाचणीत ती थोडी वर येतातच. प्रशिक्षण न झालेल्या, पण तशाच शाळांचा दुसरा गट हवा. आणखी एक चूक मी प्रबंधांत वारंवार पाहते. प्रशिक्षण सहा शिक्षकांना दिलेलं असतं आणि टी-मूल्य दोनशे मुलांवर काढलेलं असतं. एका शिक्षकाची मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे तुमचा नमुना दोनशेचा नसून सहाचा आहे.

मराठवाड्यात शेवटची चाचणी डिसेंबरात घेतली असेल तर तिसरी अडचण उभी राहते. प्रश्न ११ मधली मुलं त्या दिवशी वर्गातच नसतात. उरलेल्यांची सरासरी वाढलेली दिसते, कारण जाणारी मुलं यादीतून गळाली. पूर्वचाचणीला किती होती, उत्तरचाचणीला किती, गळालेल्यांचे आधीचे गुण काय होते, हा तक्ता प्रबंधात द्या.

१६. वर्गनिरीक्षणाच्या नोंदींवरून शिक्षकांना श्रेणी द्यावी का?

सुधारणेसाठी घेतलेली नोंद श्रेणीसाठी वापरली, की पुढच्या वेळी तुम्हाला बसवलेला पाठ पाहायला मिळेल. मुलांनी आधीच पाठ केलेली उत्तरं, भिंतीवर कालच लावलेले तक्ते. एका भेटीवरून काढलेला अंदाजही कच्चा असतो. विषय बदलला, वेळ बदलली की तोच शिक्षक वेगळा दिसतो. श्रेणी द्यायचीच असेल तर निरीक्षक वेगळा ठेवा, भेटी अनेक ठेवा आणि प्रश्न ६ मधलं रेघांचं पान त्या फायलीत कधीही लावू नका.

१७. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. गुरुजी प्रशिक्षणाला गेले की शाळा ओस पडते. आम्ही काय विचारू शकतो?

दोन गोष्टी विचारा. दोन्ही शिक्षक एकाच दिवशी का बोलावले? आणि परत आल्यावर, ‘‘गुरुजी, तिथलं एक काहीतरी आमच्या लेकरांसोबत करून दाखवा, आम्ही मागे बसतो.’’ प्रशिक्षणाशिवाय दुसऱ्या कामांसाठी शिक्षक जात असतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दाखवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही, असं त्यात लिहिलं आहे. ठराव समितीच्या इतिवृत्तात नोंदवा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.